कूपाचं नाव

३ फेब्रुवारी
आज कॉम्प्युटरवर पहिला वर्ग. नीविआक (शाळेत नोकरीला असते, हिनेच मला या भानगडीत ओढलं) म्हणाली, "आजी, या ठिपक्याकडे बघून बोल." पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी! भुतांशी काय बोलायचं? दक्षिणेत शहरांत वाढलेली आपलीच इनुइट पोरं. भाषा येत नाही म्हणून शिकायला बसलीत. "समजलं का?" विचारलं. सगळे गप्प. म्हटलं, भुवया उडवून 'हो' म्हणत असाल तर मला काळोखात दिसणार कसं? चांगली झापली. मग एकेक तोंड उजळलं. खरंच भुवया उडवत होती! भाषा गेली, भुवया राहिल्या.

शेवटच्या चौकटीत ऊलायू. माझ्या लेकाची, कूपाची मुलगी. आई तिला विनिपेगला घेऊन गेली तेव्हा नीट चालतही नव्हती. नाक कूपाचंच. बाकीच्यांबरोबर तिलाही झापलं.

१० फेब्रुवारी
सील कापून दाखवला. "आजी, रक्त उडालं कॅमेऱ्यावर!" नीविआक किंचाळली. बाहीने पुसलं. पोरं हसली. ऊलायूही.

२४ फेब्रुवारी
आज इतिहास. मला तारखा कुठल्या यायला! आईच्या गळ्यातल्या सरकारी बिल्ल्याचं सांगितलं. साहेबांना आमची नावं लिहिता येईनात, म्हणून माणसांना नंबर दिले. एक पोरगा म्हणाला, "राग नाही आला?" आला की. पण नंबर माणसाबरोबर मरतो, बाबा. नाव आपण पुढच्या बाळाला देतो, आणि गेलेला माणूस घरी येतो. नात्यासकट. त्याची म्हातारी आई त्या तान्ह्यालाच लेक म्हणते.

कूपाच्या पायाखालचा बर्फ फुटून तो बुडाला, त्यानंतर गावात कितीतरी बाळं झाली. त्याचं नाव कुणी ठेवलं नाही. मी मागितलं नाही. मागायचं नसतं. हे वर्गात नाही बोलले.

१० मार्च
'मला स्वप्न पडलं' घोटून घेतलं. ऊलायूची पाळी. अडखळत म्हणाली, "मला स्वप्न पडलं. बाबा आले. पाणी मागितलं." मग घाबरून, "आजी, चुकलं का?"

चुकलं कुठलं! मेलेला माणूस स्वप्नात पाणी मागतो तेव्हा त्याला परत यायचं असतं. जिथे बाळ होणार, तिथेच मागतो. हे तिला कोण सांगणार तिकडे?

"दिलंस का?"
"काय?"
"पाणी गं!"
"दिलं."
"मग पोटुशी आहेस की काय?" सगळ्यांसमोर! तोंडातून निघूनच गेलं.
तिची चौकट काळी झाली.

१७ मार्च
आली नाही.

२४ मार्च
नाही. नीविआक म्हणते, "तिने घरीसुद्धा सांगितलं नसेल, आजी. तुझी जीभ म्हणजे ना!" खरंय. दार उघडायच्या आधीच मी आरडाओरडा केला. कूपा, आता कसा येशील रे?

१४ एप्रिल
वर्ग संपला. पोरं आपल्या भाषेत 'येतो' म्हणाली. शेवटची चौकट रिकामीच. नीविआकने मासा आणून दिला. खाल्ला नाही. कुत्र्यांची चैन.

६ ऑक्टोबर
नीविआक फोन घेऊन धावत आली. ऊलायू! कुशीत लालभडक गाठोडं, भोकाड पसरलेलं. ती त्याला थोपटत होती, आपल्या भाषेत, जराही न अडखळता:
"बाबा, रडू नका ना. ही बघा, तुमची आई."