नानांचं स्वादुपिंड

प्रिय नाना,

तुम्ही कागद वाचायचा कंटाळा करायचात. विजेचं बिलसुद्धा माझ्या पुढ्यात टाकून "वाच गो बाय" म्हणायचात. तरी लिहितेय, कारण उद्या सोमवार, आणि उद्या मुंबईला 'येते' की 'येत नाही' ते कळवायचं आहे. ज्या प्रशिक्षणाबद्दल बोलून बोलून मी तुमचे कान किटवले होते, तिथे माझी निवड झाली! वर्षभर फक्त पोट. यकृत, स्वादुपिंड, आतडी, त्यांचे सीटी आणि एमआरआय.

"डॉक्टर झालीस, मंग सोनोग्राफीची डॉक्टर झालीस, आता परत पोटाची शाळा? एवढ्याशा पोटात असतंय तरी काय?" आठवतं? मी चिडले होते. तुम्ही मात्र रविवारी सकाळी थेट माझ्या पनवेलच्या सोनोग्राफी सेंटरवर आलात, टेबलावर आडवे झालात आणि म्हणालात, "दाव."

स्वादुपिंड जठरामागे दडलेलं असतं. पोट रिकामं नसेल तर धड दिसत नाही. म्हणजे तुमचा चहा बंद, भाकरी बंद! जन्मभर उरणच्या बंदरावर राबलेला माणूस, उठल्या उठल्या सुकट-भाकरी खाणारा. पण माझा हात बसावा म्हणून कितीतरी रविवार तुम्ही उपाशी आलात.

"दिसला का गो?"

"श्वास घ्या नाना. धरून ठेवा."

"धरलाय. दिसला का?"

"बोलू नका!"

आणि मग करंजाड्याच्या आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटायचात, "सुनेला माझा स्वादुपिंड तोंडपाठ हाय." लिफ्टमध्ये मला तोंड लपवायला जागा नसायची.

तुमच्या पोटात कधी काही सापडलं नाही. त्याचंही तुम्हालाच वाईट! "कायतरी निघाला असता तर तुला शिकायला झाला असता." असं कोणी बोलतं का, नाना? पण निरोगी पोट कसं दिसतं ते मी तुमच्याकडून शिकले. रोज आजारी पोटं बघणाऱ्याला त्याचाच विसर पडतो. अजूनही पडद्यावर काही खटकलं की आधी तुमचं पोट आठवतं.

तुमचे दोस्त पांडूदादा आले होते तेव्हाचं आठवतंय? यकृतावर डाग होता. साधा की वाईट, मला छातीठोक सांगता येईना. "मुंबईला दाखवा," एवढंच म्हणू शकले. शेवटी तो रक्तवाहिन्यांचा साधा गुंता निघाला, पण तोवर बिचारे अर्धे झाले. तुम्ही तेव्हाच म्हणालात, "त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तू जा, शिकून ये. पोरीला बघायला मी हाय ना."

मी हाय ना! कुठे आहात? मी पोट बघत बसले आणि तुम्ही हृदयाच्या वाटेने निघून गेलात. दवाखान्यात पोचायलाही वेळ दिला नाहीत. राग येतो तुमचा. शब्द देऊन असं जातात का?

आता ईरा शाळेतून आल्यावर घरी कोण? प्रशांतची ड्युटी द्रोणागिरीच्या गोदामात, कधी सकाळी, कधी दुपारी. निवड झाल्याचं सांगितलं तर म्हणाला, "बघू." त्यानंतर त्याबद्दल अवाक्षर नाही. तुमचाच मुलगा, पण तुम्ही निदान भांडायचात तरी. आज उठले तेव्हा मनाशी 'येत नाही' ठरलेलं होतं.

नाश्त्याला पोहे केले. प्रशांतने बशी बाजूला सारली. म्हटलं, झालं, आता वाजणार.

"नको मला. सेंटरची चावी घे."

"आज रविवारी?"

"रात्रीपासून काही खाल्लेलं नाही मी. नानांच्या जागी झोपतो." मग खाली बघत म्हणाला, "सकाळचीच पाळी मागून घेतलीय वर्षभर. ईरा यायच्या आत घरी असेन."

त्याच्या पोटात वायू फार आहे, नाना. चरबीही. बराच वेळ शोधत होते. "दिसलं का?" त्याने विचारलं, अगदी तुमच्या सुरात. मी रडत होते, मला कुठलं दिसायला! "बोलू नकोस," म्हटलं.

उद्या 'येते' म्हणून कळवते. तुम्ही शब्द मोडलात, पण मी देते तो पाळीन. शिकले की पनवेललाच परतेन. आणि पुढचे पांडूदादा येतील तेव्हा, जे सांगण्यासारखं असेल ते इथेच सांगून त्यांना घरी जेवायला पाठवीन.

तुमचं स्वादुपिंड अजून तोंडपाठ असलेली,
तुमची सून
मेधा