रंगीत किनार आणि कोकऱ्यांचा ऊस

मी, सावळाराम बाबाजी खलाटे, वय ४६, शिक्षण बी.एस्सी., धंदा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, राहणार बारामती, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. येत्या सोमवारी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यास जावयाचे आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. सकाळी एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. कोणाचा दाब नाही.

१. राहते घर व त्यातील वस्तू पत्नी लीलाबाई हिला. घर तिनेच उभे राहून बांधून घेतले. मी फक्त खिडक्यांची दिशा ठरवली, ती चुकली.

२. कॉलेजात घेतलेला काचेचा लोलक सणसरची बहीण सरुबाई हिला. त्यातून सुटलेले रंग तिच्या परातीत पडले तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, ह्या भाकरीला आता कोरड्यास कशाला?" मी तिला प्रकाशाचे वक्रीभवन समजावत बसलो. हसायला हवे होते.

३. माझे पितळी दांड्याचे भिंग सहकारी आप्पासाहेब यांनी १९५२ साली दोन दिवसांसाठी नेले. ते त्यांचेच समजावे. मागणे सोडले आहे, विसरलो नाही.

४. रोजनिशीच्या वह्या लीलाबाईने जाळाव्यात. १९५६ची ठेवावी, कारण पुढील कलमाला तीच पुरावा.

५. ११ जानेवारी १९५६ रोजी पणदऱ्याचे सर्जेराव कोकरे उसाच्या रसाची बाटली घेऊन आले. गोडी मोजण्याच्या यंत्रात उजेड-अंधाराच्या सीमेवर पांढरा उजेड फुटून तांबडी-निळी किनार येते. बाजूचा स्क्रू फिरवून ती मिटवावी, मग आकडा वाचावा. मी ऊस कच्चा ठरवला. सर्जेराव म्हणाले, "सायेब, पिकलाय. खाऊन बगा." मी म्हणालो, "दात चुकतात, काच चुकत नाही."

तोड महिनाभर लांबली. उसाला तुरे आले, ऊस वाळला. त्यांचे थोरले भाऊ रामहरी धरून बसले की, सर्जेरावांनी तोडीआधी बंद करायचे पाणी चालूच ठेवले, म्हणून ऊस पिकला नाही. दोन चुली झाल्या. बांधावरही बोलणे नाही.

मार्चात मी रोजनिशी चाळली. त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "आज रेघेवर रंग फार सुरेख दिसले." किनार मिटवली असती, तर रंग दिसलेच नसते. अडीच वर्षे गप्प राहिलो. कारण शोधले; भीतीखेरीज काही सापडले नाही.

सर्जेरावांना काही ठेवत नाही. साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले आहे, आणि साक्षीदारास लाभ असू नये असे माझे मत आहे. सहीपूर्वी हे कलम त्यांना वाचून दाखवीन. मेल्यानंतरची कबुली फारच सोयीची झाली असती.

सहीपूर्वीची नोंद: वाचून दाखवले. सर्जेराव म्हणाले, "मला ठावं हाय, सायेब. आमच्या थोरल्याला ऐकवा." माणूस धाडला. रामहरी दुपारी आले. ऐकून भावाला म्हणाले, "म्हंजी पानी दिलं न्हवतंस?"

"तवा काय येगळं सांगत हुतो?"

रामहरींनी टाक हातात घेतला, मग भावाकडे सरकवला. "आधी तू कर. मी तुझ्याखाली करतो."

बारामती, ता. ९ ऑक्टोबर १९५८
(सही) सावळाराम बाबाजी खलाटे

साक्षीदार:
१. सर्जेराव कोकरे, पणदरे
२. रामहरी कोकरे, पणदरे, वरील सर्जेराव यांचा थोरला भाऊ