डबा जयाने बनवला

प्रिय बादलभिया,

फोनवर तू मले एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहून राह्यली. आपल्या तांड्यातला सुनील उद्या पुण्याले परत निघते, त्याच्या हाती देते. आता मधे बोलून दाखव.

मागच्या रविवारी प्रेमसिंग नायकानं तांड्यासमोर तुले फोन लावला. विहिरीवरच्या मोटरले मी बसवलेला डबा ठेवायचा का, एवढंच विचारलं. विजेची लाइन आली की मोटर चालू, टाकी भरली की बंद, तेवढंच काम त्याचं. उन्हाळाभर एकदाही चुकला नव्हता. अन् तू स्पीकरवर काय म्हणाला? "तिच्या लॅपटॉपवर विंडोजच नाही. जुगाड आहे तो, भरवसा ठेवू नका. दिवाळीत येतो अन् नीट करून देतो." झालं! पुण्याच्या इंजिनिअरचा शब्द. नायकानं तिथल्या तिथं डबा काढायले लावला.

अरे, लॅपटॉप कोणाचा आहे तो? तुझाच जुना. विंडोज त्याले झेपत नाही म्हणून लिनक्स टाकून तूच दिला ना? डब्यातल्या चिपचा प्रोग्राम बनवायचं साधन कंपनी फक्त विंडोजसाठी काढते, हा काय माझा गुन्हा? मी त्यात वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. साधन विंडोजले जे मागते ते वाइन लिनक्सकडून आणून देते, साधनाले पत्ताही लागत नाही. आधी तर ते उघडतच नव्हतं. कुठली फाइल कमी आहे हे शोधता शोधता माझी हिवाळ्यातल्या परीक्षेनंतरची सुट्टी गेली. प्रोग्राम तयार झाला तर चिपमध्ये भरेना, कारण वाइनले भरायचं यंत्र दिसेना. मग भरायचं काम लिनक्सच्याच साधनानं केलं. तू विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. पण तुले विचारायचं होतं कायले?

अन् तुले आली ती शंका मले आली नसेल का? दारव्ह्याले बेबीताईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलती. तिथं विंडोजवर तोच प्रोग्राम पुन्हा बनवला अन् दोन्ही फायली ताडून पाह्यल्या. एका अक्षराचा फरक नाही निघाला. मग चिपले काय फरक पडते, प्रोग्राम कुठं बनला त्याचा? आपण घरी गोरबोली बोलतो अन् ऑफिसात तू दिवसभर मराठी-इंग्रजी बोलतो. म्हणून तुझं काम नकली आहे असं कोणी म्हणालं का रे तुले?

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? डबा निघत होता तेव्हा मी तिथंच उभी होती, अन् सगळे फोनकडे पाहून राह्यले होते. आपले बापूही फोनकडंच. त्यांच्यावर मी रागावली नाही. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला अन् तू न पाहताच बोलला, त्याचाच तर राग आहे.

डबा गेला तशी जुनी पाळी परत आली. लाइन आली की ज्याची पाळी त्यानं नाला ओलांडून विहिरीवर जायचं अन् स्टार्टर दाबायचा. मंगळवारी आपल्या घरची पाळी होती. पहाटे लाइन आली. मी उठायच्या आत याडी एकटीच निघून गेली अन् नाल्यातल्या दगडावरून घसरली. उजवा हात मनगटात मोडला, प्लास्टर घातलं आहे. बादलले सांगू नको, माझं लेकरू तिकडं जेवणार नाही, असं म्हणाली. मी सांगून राह्यली, कारण डबा परत लावायचा का हे विचारायले या रविवारी नायक तुले पुन्हा फोन लावणार आहे. माझी तारीफ नको. गोरबोलीत, सगळ्यांले ऐकू येईल असं सांग, की डबा जयानं बनवला, बरोबर बनवला, लावा. नाहीच सांगवलं तर फोन उचलू नको. मग मीच बोलीन. याडी माझ्या बाजूले उभी राहणार आहे, तिनंच सांगितलं.

राग गेला नाही, तरी तुझीच,
जया