जेवलो नाही, नुसतं खाल्लं

सोमवार, ३ मार्च

नाही, वजन वाढलंय म्हणून लिहायला बसलेलो नाही. वजन वाढलंय असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. म्हणणं वेगळं आणि असणं वेगळं. मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आलो, मला वजनातलं कुणी शिकवू नये. लिहितोय ते एवढ्यासाठी की तोंडानं बोललं की घरातल्या दोघीजणी उलट उत्तर देतात. कागद देत नाही.

झालं असं. गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलो. गुडघ्याकडे कुणी बघितलंच नाही. रक्त काढलं, काट्यावर उभं केलं आणि बाई म्हणाल्या, काका, साखर वर, वजन वर, बाहेरचं जेवण एकदम बंद. मी म्हटलं, बाई, मी शाकाहारी माणूस, आयुष्यात अंडं फोडलेलं नाही. बायको शेजारून म्हणाली, हत्ती पण शाकाहारीच असतो. बाई हसल्या. फी घेतात आणि वर हसतात.

माझ्याच दुकानात काम करणाऱ्या पोरीला तेवढंच निमित्त मिळालं. पिठाच्या मोठ्या गिरणीत ट्रक तोलायचा काटा आहे. तो दर वर्षी मार्चअखेर तपासायचा असतो. काट्याखाली खड्डा, आणि खड्ड्यात उतरायला चौकोनी भोक. गेल्या वर्षी वर येताना माझ्या शर्टाची बटणं खालीच राहिली. पोरगी म्हणाली, बाबा, यंदा त्या भोकातून उतरलास तर फिरती तुझी. अडकलास तर गाडीची किल्ली माझ्याकडे आणि तू दुकानात बसायचं.

दुकानात बसायचं! म्हणजे काचेआडून रस्ता बघायचा. फिरतीवर आहे म्हणून मी माणसात आहे. मी ताबडतोब म्हटलं, मंजूर.

ठराव: बाहेर जेवायचं नाही. विषय संपला.

मंगळवार, ४ मार्च

भाजीबाजारातले काटे केले. दुपारी हॉटेलात शिरलो, पण जेवलो नाही. वेटरनं जेवणाचं कार्ड पुढे केलं, मी परत केलं. नुसतं सॅलड सांगितलं.

सॅलड म्हणजे पाला, असं मी समजत होतो. आलं तेव्हा वर चीज, चीजवर पांढरं दाट काहीतरी, त्यावर तळलेल्या पावाचे तुकडे. पाला तळाशी. तिथवर पोचायचं तर वरचं बाजूला करायला हवं, आणि बाजूला ठेवायला जागा एकच, तोंड. वरचं संपवून पानांपाशी आलो तर पोट भरलेलं. पानं राहिली.

तरी पहिला दिवस चांगला गेला. सॅलड खाल्लं.

गुरुवार, ६ मार्च

आज सूप. सूप म्हणजे पाणीच. वेटरला विचारलं, व्हेज आहे ना? म्हणाला, एकदम व्हेज, काका, फक्त कोंबडीच्या पाण्यात उकळलंय. मी म्हटलं, मग कोंबडी काय पोहायला गेली होती काय? परत पाठवलं. मला नखरे आवडत नाहीत, पण धर्म तो धर्म.

मग व्हेज काय आहे? तर बटाट्याच्या तळलेल्या काड्या आहेत, चीज टोस्ट आहे, क्रीममधल्या नूडल्स आहेत. म्हणजे या लोकांच्या हिशेबी ज्यानं मांस सोडलं त्यानं तेलात बुडून मरावं. मी बटाटा घेतला. बटाटा भाजीतच मोडतो. आणि उभ्यानं खाल्ला, गल्ल्यापाशी. उभ्यानं खाल्लेल्याला जेवण म्हणत नाहीत.

शनिवार, ८ मार्च

घरी बायकोनं विचारलं, बाहेर जेवलात का? छातीवर हात ठेवून म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं. जेवण म्हणजे बसून, वाढून घेऊन, हात धुऊन, शेवटी ढेकर देऊन. मी यातलं काही केलेलं नाही. ढेकर आला तो आपला आपण आला.

म्हणाली, मग दिवसभर काय केलंत? म्हटलं, पोटाला आधार दिला. म्हणाली, आधार देताय की खांब उभा करताय?

ही बाई शाळा शिकली असती तर वकील झाली असती. मला परवडली नसती.

पण डोकं शांत ठेवून विचार केला. डॉक्टरीणबाईंचे शब्द काय होते? बाहेरचं जेवण बंद. खाणं बंद असं त्या म्हणाल्याच नाहीत. शिकलेल्या बाई आहेत, शब्द तोलूनच वापरला असणार. तेव्हा तोंडात टाकणं, चव बघणं, तोंड हलवणं, आधार, हे सगळं खाण्यात येतं. आणि आग्रहाखातर घेतलेला घास खाण्यातसुद्धा येत नाही, तो माणुसकीत येतो.

मंगळवार, ११ मार्च

बेकरीतला काटा. बेकरीवाला जुना माणूस. काटा दुरुस्त झाला की तपासायला काहीतरी ठेवावं लागतं. त्यानं केक ठेवला. बरोबर तोलला गेला. मग तोललेला केक परत काचेत कसा ठेवायचा, हात लागलेला? व्यवसायाचा प्रश्न आहे. अंडं नाही ना, हे आधी तीनतीनदा विचारून घेतलं. पथ्यात मी कच्चा नाही.

पोरगी संध्याकाळी म्हणाली, बाबा, मिशीला क्रीम आहे. म्हटलं, ग्रीस आहे. म्हणाली, गोड वास येतोय. म्हटलं, हल्ली येतो.

शनिवार, १५ मार्च

दवाखाना. वजन वाढलं.

मी स्पष्ट सांगितलं, बाई, तुमचा काटा खोटा आहे. मी पुरावा बघितल्याशिवाय बोलत नाही. गाडीतून पितळी वजनं आणली, दरवाज्याला टेकून बसलेल्या आजी उठवल्या, काटा उलटा केला, मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंग आणि धूळ. नर्स म्हणत होती, काका, पेशंट खोळंबलेत. म्हटलं, पेशंट खोट्या काट्यावर चढण्यापेक्षा खोळंबलेले बरे.

आणि काय सांगू, खोटाच निघाला! मी बरोबर होतो. मात्र तो कमी दाखवत होता.

सरळ करून दिला. मग बाई म्हणाल्या, चढा परत. मी म्हटलं, आता काय गरज आहे? म्हणाल्या, चढा.

बाहेर बसलेल्या बायकांनाही परत तोललं. सगळ्या जड झाल्या. एक जण बायकोला म्हणाली, तुमच्या मिस्टरांना काही कामधंदा नाही का? सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते खरं, पण सोनारानं स्वतःचेच टोचून घ्यावेत असं कुठेच म्हटलेलं नाही.

घरी येताना पोरगी गाडीत गालातल्या गालात हसत होती, ते मला आरशात दिसलं.

सोमवार, १७ मार्च

नवा ठराव, आणि हा पक्का. घरून डबा न्यायचा. आधीच्या ठरावात चूक माझी नव्हती, तो ठरावच ढिला होता.

सकाळी उठून पोरीनं डबा भरला. उकडलेल्या शेंगा, काकडी, डाळ. बायकोला मी कौतुकानं म्हटलं, बघ, पोरगी बापाची काळजी घेते. ती म्हणाली, काळजी कसली, हरवायचंय तिला तुम्हाला, पण सरळ खेळून.

डबा गाडीत असला की वास येतो. वास आला की लक्ष कामात लागत नाही. म्हणून अकरालाच संपवला. घरचं जेवण झालं, उत्तम झालं. दुपारी बाजारातली सगळी माणसं हॉटेलात निघाली तेव्हा मी काय गाडीत एकटा बसू? गेलो. फक्त सोबतीला. चीज टोस्ट चांगला होता.

शुक्रवार, २१ मार्च

जुन्या दोस्ताच्या मुलीनं हॉल घेऊन मोठी पार्टी दिली. मी ठरवून लहान प्लेट घेतली. मोठी प्लेट घेणाऱ्यांकडे बघून मला कीव आली.

लहान प्लेटचा एकच दोष, पुन्हा पुन्हा उठावं लागतं. पण चालणं होतं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, चाला.

वाढणारा माणूस शेवटी म्हणाला, काका, तुम्ही बसा, मी भांडंच टेबलावर आणून ठेवतो. कोण कुठला, पण किती आस्था.

सोमवार, २४ मार्च

आज कुणाला न सांगता तालीम केली. धुण्याचं मशीन आणि भिंत यांच्यातली फट साधारण त्या भोकाएवढी आहे. आडवा होऊन शिरलो. गेलो! मशीन थोडं सरकलं, पण गेलो. लोखंड वाकत नाही हे खरं, पण पोट मऊ असतं, हे लोक विसरतात. श्वास सोडला की माणूस निम्मा होतो.

मशीनमागचा पाइप निघाला होता, हे बायकोला पाणी सोडल्यावर कळलं. बोलणी खाल्ली. ती मात्र पोटभर.

गुरुवार, २७ मार्च

गिरणी.

मुद्दाम सकाळी काही न खाता पोरीला घेऊन निघालो. मॅनेजर गेटवरच भेटला. म्हणाला, आधी कॅंटीनला चला. म्हटलं, नको. म्हणाला, बरोबर, आज काट्याची नाही, तुमची तपासणी आहे. हे त्यानं अशा काही सुरात म्हटलं की मला जावंच लागलं. माणूस घाबरलाय असं दिसू देऊ नये. पावाला नुसतं लोणी, आणि थोडे बटाटे, आणि ते संपल्यावर कोरडं वाटलं म्हणून थोडं क्रीम.

ट्रकांची रांग थांबवली. झाकण उघडलं. पाय घातले, गुडघे गेले, कंबर गेली. पोटापाशी मी थांबलो.

श्वास सोडला. आणखी सोडला. आता सोडायला काही उरलं नाही. वरही नाही, खालीही नाही. ड्रायव्हर लोक उतरून गोल करून उभे. एक म्हणाला, काका, दोन्ही हात वर करा. दुसरा म्हणाला, साबण आणा रे. तिसरा म्हणाला, वाट बघा, भूक लागली की आपोआप सुटतील. केबिनमधला ऑपरेटर खिडकीतून ओरडला, साहेब, काट्यावर आकडा आला हो! म्हणजे काटा चालू आहे, एवढं तरी सिद्ध झालं.

मॅनेजर वाकून म्हणाला, जेवून आलात का? मी म्हटलं, जेवलो नाही, नुसतं खाल्लं. आजूबाजूला इतकं हसू झालं की मलाही आलं, आणि हसल्यावर पोट आणखी घट्ट बसलं.

पोरगी हसली नाही. माझ्या मागे आली, काखेत हात घातले, हळूच कानाशी म्हणाली, बाबा, मी तीन म्हटल्यावर पायानं रेटा दे. दोघं ड्रायव्हर आले, ओढलं. सुटलो. शर्ट राहिला नाही.

मग तिनं केस बांधले, बॅटरी तोंडात धरली आणि त्या भोकातून सरळ खाली गेली. पाणी नळातून जावं तशी.

मी भोकाशी पालथा पडलो. खालून तिनं विचारलं, बाबा, डावीकडचा बोल्ट सैल वाटतोय, आवळू? म्हटलं, आधी ठोक, आवाज ऐकू दे. तिनं ठोकलं. म्हटलं, तो नाही, त्याच्या मागचा. तिनं मागचा ठोकला, बद्द आवाज आला. म्हणाली, सापडला. असं सगळं खालून तिनं आणि वरून मी केलं. मोठ्या काट्याचं इतकं नेटकं काम पूर्वी झालं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. मॅनेजरनं सांगितलं. मी मान हलवली.

वर आली तेव्हा तोंड काळं, दात पांढरे. किल्ली मीच काढून तिच्या हातावर ठेवली, तिनं मागायच्या आत. म्हणाली, बाबा, अवघड काट्याला तू यायचंच, मला आवाज कळत नाहीत. म्हटलं, शिकशील.

म्हणाली, आता जेवायला घेऊन चल, भूक मरायला टेकलीय माझी. ती जेवली. तिनंच वेटरला सांगून माझ्यासाठी चीज, क्रीम, सॉस काही न घालता भाज्या वाफवून आणवल्या. नुसत्या तोंडी सांगण्यावर मिळतात, कार्डावर नसल्या तरी. मला इतक्या वर्षांत विचारायचं सुचलं नाही. खाल्ल्या. ठीक होत्या.

सोमवार, ३१ मार्च

दुकान. सकाळपासून एक बाई आली, तीही पत्ता विचारायला.

पोरगी फिरतीवर जायच्या आधी मी गाडीतून माझी पितळी वजनं काढायला गेलो. दार उघडलं, बसायला पाय टाकला तर बसताच येईना. स्टिअरिंगचं चाक पोटाला लागलं. तिनं आपल्या मापानं सीट पुढे ओढून घेतलीय.

सीट मागे घेता येते. खालचा दांडा ओढायचा, बस. मला माहीत आहे. नाही ओढला. वजनं उभ्यानंच काढली आणि दार लावलं.

ती गेली. मी बाहेर उभा राहून हात केला की नाही, बायको विचारत होती. ते मी सांगणार नाही. आणि यापुढे काही लिहिणारही नाही.