दुधाच्या पातेल्यातलं मुंडकं

मुकुल,
दुधाच्या पातेल्यात तू पुन्हा तुझ्या बाहुल्यांची मुंडकी उकळलीस. मऊ करून दुसऱ्या धडावर बसवायची, तर दुसरं भांडं नव्हतं? आज दूध तापवलं, तर तळाशी राहिलेलं एक मुंडकं सायीतून वर आलं. शी! पातेलं फेकून दिलंय.

मग तुझ्या बाहुल्यांच्या फळीवर मीच दिसले. चेहरा हुबेहूब माझा, हनुवटीवरच्या तिळासकट. धड मात्र कुणा शिडशिडीत बाईचं. एवढी बारीक मी लग्नातसुद्धा नव्हते रे, आणि आता तर बाळंतपणाला पाचच महिने झालेत. किळस आली मला.

बाळाला घेऊन धारवाडला अक्काकडे जातेय. आज नळाला पाणी येईल, टाकी भर. कुकरमध्ये भात आहे. तो वाढायला तुझ्या त्या बारीक बाईलाच सांग.

नेत्रा