लिनची टाच

शुक्रवार संध्याकाळ, फ्लॅट बुश

आज समोरची लिन लंगडत माझ्या फार्मसीत आली. तिच्या धावण्याच्या ग्रुपातले सगळे चिनी अकाउंटंट, इंजिनियर वर्षभर मॅरेथॉनच्या मागे असतात. गेल्या वर्षी मीही येते म्हटलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तू धावणाऱ्यांना पाणी द्यायला टेबलापाशी उभी राहा." चार तास पेले भरले मी.

"रविवारी मॅरेथॉन पळू का?" टाच दाखवत तिने विचारलं. मी नाही म्हटलं. सल्ला बरोबरच होता, कुणीही हेच सांगितलं असतं. पण इतक्या मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा? वर "पाण्याच्या टेबलापाशी माणसं कमी आहेत" हेही सुनावलं. येते म्हणाली बिचारी.

घरी येऊन रविवारच्याच दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलं. चालत का होईना, पेला तिच्याच हातून घेणार.