सम्राटच्या कांड्या

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमध्ये डॉक्टरांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. सम्राट वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या मी द्रव नायट्रोजनमधून वर काढून फार वेळ धरल्या, म्हणून ताटलीतले गर्भ मेले, असं त्यात लिहिलेलं. खाली माझी सही हवी.

धरल्या का मी? आठवून आठवून डोकं फिरलं. पण रेत तापलं असतं, तर मायक्रोस्कोपखाली एवढं धावलं असतं का? गाईची बीजं त्यानं फळतातही, पेशी दोनाच्या चार होतात आणि गर्भ तिथेच थांबतात.

डॉक्टर म्हणाले, "धावतंय ना? मग वळू चांगला. खोट तुझ्या हातात."

दुपारी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती तोंडवलीहून ओरडलीच, "मगे त्या दुसऱ्या वळवाच्यो कांड्यो कोण काढता रे? तुझो बापूस?"

खरंच की! त्या दुसऱ्या वळूच्या, भैरूच्या कांड्याही मीच काढतो. तोच कंटेनर, हेच हात. त्याचे गर्भ सातव्या दिवसापर्यंत मस्त वाढतात. मग सम्राटच्याच वेळी माझे हात बिघडतात होय?

एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांना हे दिसत नसेल? की सम्राट लॅबच्या मालकांचा लाडका म्हणून?

परत जाऊन म्हटलं, "साहेब, भैरूच्या कांड्यापण मीच काढल्या, एवढं त्यात लिहा. मग सही करतो."

 त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "जा, कामाला लाग."

फाडला मात्र नाही.